समईच्या उजेडातील डाळिंबी रंग

आमच्या आतोबांचे सहस्रचंद्रदर्शन 2022 च्या मार्गशीर्षात बडोद्यास, दांडिया बाजारातील त्यांच्या जुन्या घरी झाले. होमहवन, जेवणावळी, आशीर्वाद, सारे यथासांग पार पडले आणि त्याचे चित्रणही एका व्यावसायिक छायाचित्रकाराने भरपूर दिवे लावून चोख केले. त्या चित्रणाबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही लिहिणार आहोत ते त्याच रात्री, पाहुणे पांगल्यावर, देवघरापुढे समईजवळ केलेल्या अकरा मिनिटांच्या एका घरगुती व्हिडिओबद्दल.

आत्या त्या दिवशी आपला लग्नातला डाळिंबी शालू नेसली होती. दमून ती पाटावर टेकली, आणि आमच्या पुतणीने विचारले म्हणून त्या शालूची हकीकत सांगू लागली. पुतणीने चटकन भ्रमणध्वनी काढला, खोलीतली ट्यूब बंद केली, "आत्याआजी, समईच्या उजेडात फार छान दिसतेस, आता बोल," म्हणाली आणि चित्रण सुरू केले. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, तो शालू कसा शोधला, किती दुकाने पालथी घातली, दुकानदार लाल दाखवी, किरमिजी दाखवी, पण आजोबा डाळिंबीच हवा म्हणून अडून कसे बसले, हे सारे तिने सांगितले. मध्येच थांबून पदर पुढे धरून विचारले, "रंग नीट येतोय ना गं?" पुतणी म्हणाली, "येतोय हो, आत्याआजी."

रंग नीट आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा शालू काही क्षण विटकरी, काही क्षण मातकट आणि एका ठिकाणी तर चक्क खाकी दिसत होता. आत्याचा गोरा चेहरा आधी नारिंगी, मग कोणी स्वयंपाकघराचे दार उघडले की निळसर, दार लागले की पुन्हा हळूहळू नारिंगी. आम्ही हसलो, "पुन्हा एकदा घेऊ," म्हणालो, आणि घेतले नाही. 2023 च्या श्रावणात आत्या गेली.

या सदरातून आम्ही एरवी घरगुती उपकरणांची आणि छंदांची चर्चा करतो. आज विषय तांत्रिक वाटला, तरी ज्यांच्या घरी म्हातारी माणसे, देवघर आणि फोन या तिन्ही गोष्टी आहेत त्या प्रत्येकाचा तो आहे. मग ते घर इंदुरास असो, ग्वाल्हेरीस असो वा हैदराबादेत.

कॅमेऱ्याच्या भाषेत या गोष्टीला व्हाइट बॅलन्स म्हणतात. आपण तिला श्वेतसंतुलन म्हणू. पांढरा कागद उन्हात न्या, ट्यूबखाली न्या, समईपाशी न्या. आपल्याला तो पांढराच दिसतो. वस्तुतः समईपाशी त्या कागदावरून डोळ्यांकडे येणारा प्रकाश पिवळा-नारिंगी असतो. परंतु डोळा आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग वजा करतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याला ही विद्या उपजत नाही. या उजेडात पांढरे कशाला म्हणायचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, नाहीतर त्याने अंदाज बांधावा लागतो.

उजेडाचा हा रंग केल्विन या एककात मोजतात. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना पाहिले असेल त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तापू लागलेले लोखंड प्रथम लाल, मग नारिंगी, मग पिवळे, आणि आणखी तापले की पांढऱ्याकडे झुकते. आकडा लहान तितका उजेड तांबूस आणि आकडा मोठा तितका निळसर, असा हा हिशेब आहे. समईची किंवा मेणबत्तीची ज्योत सुमारे 1900 केल्विन, जुना तारेचा दिवा 2800 च्या आसपास, हॅलोजन 3000 ते 3200, दुपारचे ऊन 5500, ढगाळ आकाश 6500 किंवा अधिक. आपल्या घरोघरी लागणाऱ्या पांढऱ्या एलईडी ट्यूबवर पुष्कळदा 6500 हाच आकडा छापलेला असतो. म्हणजे त्या रात्री आमच्या देवघरात 1900 चा उजेड होता आणि स्वयंपाकघराचे दार उघडले की त्यात 6500 चा उजेड शिरत होता. एका चौकटीत माध्यान्ह आणि दीपप्रकाश दोन्ही आले, तर कॅमेऱ्याने कोणाचे ऐकावे?

स्वयंचलित श्वेतसंतुलन अंदाज कसा बांधते, हे कळले तेव्हा आमचा शालू खाकी का झाला याचाही उलगडा झाला. त्यामागचा एक जुना ठोकताळा असा, की कोणत्याही दृश्यातील सर्व रंगांची सरासरी काढली तर ती साधारण करडी यावी. दृश्यात तांबडेपणा अधिक आढळला तर तो उजेडाचा दोष समजून यंत्र तांबडा कमी करते. बागेचे चित्र असेल तर हे बऱ्याच अंशी जमते. परंतु पाऊण चौकट डाळिंबी शालूने भरलेली, त्यावर तांबूस उजेड! यंत्राने शालूचाच रंग दोष समजून पुसायला घेतला. आत्याने पदर पुढे धरला त्याच क्षणी तो सर्वांत खाकी दिसतो, याचे कारण हेच. अलीकडचे फोन चेहरे ओळखतात, प्रसंग ओळखतात, आणि अधिक हुशारीने अंदाज करतात हे खरे. पण अखेर तो अंदाजच, आणि तो चित्रण चालू असताना क्षणोक्षणी बदलत राहतो. स्थिर छायाचित्रात ही चूक एकदाच होते, व्हिडिओत ती चालती-बोलती होते.

उजेड कमी असला की आणखी एक अडचण येते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सूक्ष्म रंगीत गाळण्या असतात. निम्म्या हिरव्या, चौथा हिस्सा तांबड्या, चौथा हिस्सा निळ्या. समईच्या प्रकाशात निळा अंश मुळातच अत्यल्प, त्यात उजेडच थोडा. पांढरा पांढरा दिसावा म्हणून यंत्र त्या अत्यल्प निळ्याला कित्येक पटींनी वाढवते, आणि त्याबरोबर निळ्यातील खरखरही वाढते. अंधाऱ्या कोपऱ्यांत जी निळी-जांभळी वाळू सळसळताना दिसते ती हीच. ती झाकण्यासाठी यंत्र चित्र पुसट करते, मग चेहऱ्याच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. ऐंशीच्या घरातील माणसाचा चेहरा सुरकुत्यांशिवाय म्हणजे तो चेहराच नव्हे, असे आमचे मत आहे.

जुन्या घरातील भिंतीवर आमच्या पणजीचे एक छायाचित्र आहे. त्यात तिच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते. लहानपणी आम्हांला त्याची भीती वाटे. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून कुंकू, विडा खाल्लेले ओठ, लाल लुगडे, सारे काळे येई. आमच्या याच गावच्या कलाभवनात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही कृष्णधवलाच्या या लहरी सांभाळाव्या लागल्या असतील. आपल्या पिढीला वाटते, ते दिवस गेले. गेले खरे, पण तांबड्याचे वैर पुरते संपलेले नाही.

हे वैर आज स्वस्त एलईडी दिव्यांत दडलेले आहे. दोन दिव्यांचे केल्विन सारखे असूनही एकाखाली कुंकू लखलखते आणि दुसऱ्याखाली मरगळते, कारण दुसऱ्याच्या प्रकाशात गर्द तांबडा अंशच अपुरा असतो. चांगल्या दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून एक आकडा असतो. तो 90 च्या वर असलेला घ्यावा. 80 चा दिवा वाईट असतोच असे नाही. परंतु तो आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो आणि गर्द तांबडा हा नववा नमुना त्यात धरलेला नसतो. उजेडातच जो रंग नाही तो श्वेतसंतुलनाने परत आणता येत नाही.

आता करावे काय? 2024 च्या श्रावणात पुतणीच्या नणंदेची मंगळागौर आमच्याच घरी झाली, तेव्हा मागील चूक टाळायची असा आम्ही निश्चय केला, आणि पुतणीने पुष्कळ वाचून तयारी केली. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिले काम कॅमेऱ्याचे नव्हे, दिव्यांचे. एका चौकटीत एकाच जातीचा उजेड ठेवावा. समई हवी असेल तर ट्यूब बंद, शेजारच्या खोलीचीही बंद, दूरदर्शन संच बंद, आणि खिडकीतून रस्त्यावरचा दिवा डोकावत असेल तर पडदा ओढलेला. ट्यूब हवी असेल तर समई शोभेपुरती असू द्यावी, तिच्या उजेडावर विसंबू नये. उजेड कमी पडतो म्हणून मंद करून ठेवलेली एक ट्यूब "थोडीशी मदत" करील, हा मोह सर्वांत घातक. चेहऱ्याची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळी झाली, की जगातील कोणतेही संतुलन दोन्ही बाजू एका वेळी सावरू शकत नाही.

मग उजेड वाढवायचा कसा? याचे उत्तर आमच्या वहिनींनी दिले, आणि ते इतके सोपे होते की आम्ही ओशाळलो. "समईला एकच वात कशाला? पाचही लावा, आणि दोन समया चौकटीबाहेर ठेवा!" ज्योतींची संख्या वाढली म्हणून उजेडाचा रंग बदलत नाही, उजेड मात्र वाढतो. चौकटीबाहेर, बसणाऱ्या बायकांच्या समोर, पदर पोचणार नाहीत अशा अंतरावर एका परातीत तीन समया ठेवल्या आणि चेहरे उजळले. अडगळीत जुना तारेचा दिवा आणि उजेड कमी-जास्त करणारे बटण असेल, तर तोही उपयोगी पडतो. तो मंद केला की अधिक तांबूस होतो आणि ज्योतीच्या जवळ जातो. एलईडी मंद केला तरी सहसा रंग बदलत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरे काम, कॅमेऱ्याला पांढरे दाखवणे. छायाचित्रणाच्या दुकानात करडे कार्ड मिळते, ते उत्तम. नसेल तर रेघा नसलेला साधा पांढरा कागद. घरातील शुभ्र धोतर किंवा उपरणे पुढे करू नये. आपल्या शुभ्रतेत नीळ असते, आणि साबणाच्या पुडीतील चमक आणणारी द्रव्ये दिवसाच्या उजेडात निळसर चकाकतात. कार्ड धरायचे ते कॅमेऱ्यापाशी नव्हे, जिथे चेहरा येणार तिथे, चेहऱ्याच्या दिशेने कललेले. चौकट त्याने भरावी, त्यावर स्वतःची सावली पडू देऊ नये, आणि मग हस्तचालित श्वेतसंतुलन त्यावर ठरवावे. पुष्कळ फोनांत हे "प्रो" नावाच्या विभागात असते. नसेल तर तशी सोय देणारी अॅप मिळतात. कार्डावरून ठरवण्याची सोय नसली आणि नुसता केल्विनचा आकडा सरकवता येत असला, तरी हरकत नाही. जिथे तेही नाही, तिथे निदान संतुलन कुलूपबंद करण्याचा पर्याय शोधावा. चुकीचे पण स्थिर संतुलन पुढे सुधारता येते. भटकणारे संतुलन सुधारताना काय हाल होतात ते पुढे सांगतो.

आकड्याच्या बाबतीत नवशिका एक घोटाळा हटकून करतो. आम्हीही केला. समई 1900 ची, म्हणून आकडा खाली नेला तर चित्र निळसर होत गेले. वर नेला तर पिवळे. हे उलटे का? कारण आपण कॅमेऱ्याला चित्र किती तांबूस हवे ते सांगत नसून उजेड किती तांबूस आहे ते सांगत असतो, आणि तो त्याच्या विरुद्ध दिशेने भरपाई करतो. बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा 2500 च्या आसपास येऊन थांबतो. समईपर्यंत तो पोचतच नाही. सुरुवातीस आम्हांला ही उणीव वाटली.

मंगळागौरीच्या आदल्या रात्री आम्ही कार्डावरून काटेकोर संतुलन करून पाहिले. कार्ड अगदी करडे आले, कागद कागदासारखा पांढरा आला, आणि समईपुढे बसलेली पुतणी एखाद्या कचेरीत अर्ज भरायला बसल्यासारखी दिसू लागली. शास्त्रदृष्ट्या बिनचूक, आणि तरी साफ खोटे. आम्ही समजत होतो की डोळा उजेडाचा रंग संपूर्ण वजा करतो. तसे नाही. उजेड फार तांबूस असला की ती वजाबाकी अर्धवट राहते. समईजवळचा कागद आपल्याला पांढरा "आहे" हे कळते, पण त्यावरचा पिवळेपणाही जाणवतो. तो पिवळेपणा चित्रात उरला नाही तर समई विझवून ट्यूब लावल्यासारखे होते. मग आम्ही आकडा 2500 वर ठेवला, थोडा वर नेला, 2700 वर थांबलो. चेहऱ्यांवर ऊब राहिली आणि हिरवा शालू हिरवा राहिला. 3200 वर सारे केशरी होऊन हिरव्याचा चिखल झाला.

सावंतवाडीस जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे दिवा हाती धरलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. हाताच्या आडून चेहऱ्यावर चढलेला तो सोनेरी उजेड हळदणकरांनी "दुरुस्त" केला असता तर चित्रात काय उरले असते? स्टॅन्ले क्युब्रिकनेही 1975 च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटात मेणबत्त्यांचे प्रसंग मेणबत्त्यांच्याच उजेडात घेतले, त्यासाठी चंद्रमोहिमेच्या कामाकरिता बनवलेले 0.7 छिद्राचे भिंग वापरले, आणि तो पिवळा उजेड पिवळाच राहू दिला. तेव्हा पांढरे नेमके कुठे आहे हे आधी जाणून घ्यावे, आणि मग किती पिवळे राहू द्यायचे ते आपण ठरवावे. यंत्रावर सोपवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली: चित्रणाच्या आरंभी दहा सेकंद करडे कार्ड चौकटीत ठेवून मग काढावे. पुढे संगणकावर रंग सुधारताना तेवढा एक पुरावा हाती असतो. फोनाच्या नेहमीच्या व्हिडिओत संतुलन चित्रातच मुरलेले असते. स्थिर छायाचित्राच्या कच्च्या धारिकेसारखे ते मागाहून पूर्णपणे बदलता येत नाही, थोडेफार कलते करता येते.

आत्याच्या व्हिडिओत असे कार्ड नव्हते. पण शालू होता. आत्याने तो पुतणीला देऊन ठेवला होता. गेल्या दिवाळीत पुतणीने तेच देवघर, तीच समई, तोच फोन आणि तोच शालू घेऊन, शेजारी करडे कार्ड ठेवून दोन मिनिटांचे चित्रण केले. त्यावरून समईच्या उजेडात डाळिंबी कसा दिसायला हवा होता ते ठरले. मग जुन्या व्हिडिओचे, रंग जिथे जिथे घसरला होता तिथे तिथे कापून, नऊ तुकडे केले आणि विनामूल्य मिळणाऱ्या डाव्हिंची रिझॉल्व्ह या प्रणालीवर एकेक तुकडा त्या नमुन्याशी जुळवत नेला. तीन रात्री गेल्या. दार उघडल्याच्या दोन ठिकाणी अर्धा चेहरा अजून निळसर आहे. तो तसाच सोडला.

परवा आतोबांना तो दाखवला. ऐकू कमी येते म्हणून ते पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले. आत्याने पदर पुढे धरून रंगाचे विचारले, तिथे त्यांनी मान डोलावली. "रंग बरोबर आहे," म्हणाले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, "पण बांगड्या? बांगड्या हिरव्या होत्या तिच्या. इथे काळ्या दिसताहेत."

काळ्याच आहेत. त्या अंधाऱ्या मनगटापाशी यंत्राने हिरवा टिपलाच नव्हता, आणि शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. पुतणीने तसे आतोबांच्या कानाशी मोठ्याने सांगितले. ते म्हणाले, "असू दे. पुन्हा पहिल्यापासून लाव."